गडाखालची घरं

भातकापणी चालू आहे, तेव्हा बऱ्याच जणी खाचरात मोबाइलवर रेडिओ लावून ऐकत असाल. हात चालू द्या, कान तेवढा इकडे असू द्या.

जुलै महिन्यात आपला राजगड जागतिक वारशाच्या यादीत गेला. एकटा नाही, मराठ्यांचे बारा किल्ले एकदम गेले. रायगड, शिवनेरी, प्रतापगड, पन्हाळा, साल्हेर, लोहगड, खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग, सिंधुदुर्ग, आपला राजगड आणि बारावा तमिळनाडूतला जिंजी. तेव्हापासून आपल्या बैठकीत एकच विषय आहे. गडाला आता गर्दी वाढणार, तर पायथ्याला खोल्या बांधायला कर्ज काढायचं का? सहा गटांतल्या मिळून चौदा जणींनी मला हे विचारलंय. दोघींच्या घरी तर विटाही येऊन पडल्यात.

गंमत बघा, पॅरिसच्या ज्या बैठकीत आपले किल्ले यादीत घेतले, त्याच बैठकीत जर्मनीतल्या बव्हेरियाच्या एका राजाचे वाडेही घेतले. आणि सप्टेंबरात मी बारा दिवस त्याच वाड्यांच्या मुलखात राहून आले. ‘ताई, तिकडचं सांगा’ असं सगळ्या म्हणता, म्हणून आज सांगते. पण फिरण्याच्या गोष्टीसोबत तिथल्या बायकांचा हिशोबही सांगणार आहे.

मी गेले कशी, ते आधी. २०१९ च्या डिसेंबरात दोघी जर्मन मैत्रिणी राजगड बघायला आल्या होत्या. एक शाळेत शिक्षिका, दुसरी शेतकरीण. दोघी पन्नाशीच्या. एक रात्र राहायच्या त्या चार दिवस राहिल्या, आपल्याच गटातल्या एका वहिनींच्या पडवीत. चुलीवरची नाचणीची भाकरी थापायला शिकल्या. तेव्हापासून फोनवर बोलणं चालू होतं. ‘आता तू आमच्याकडे ये’ म्हणून दरवर्षी निरोप यायचा. तीन वर्षं पैसे साठवले, राहायचं-खायचं त्यांच्या घरी होतं, म्हणून जमलं. त्यांनी बोलावल्याचं पत्र पाठवलं, इथून बँकेचे कागद, विमा, परतीचं तिकीट जोडलं, आणि व्हिसा मिळाला. सासूबाई म्हणाल्या, ‘जा, पण लोकरीचं घेऊन जा.’ शेजारणी काय म्हणाल्या ते रेडिओवर सांगण्यासारखं नाही.

म्युनिक शहरापासून रेल्वेने दक्षिणेला दोनेक तास गेलं की आल्प्स पर्वत सुरू होतो. त्या भागाला आल्गॉय म्हणतात. शेतकरीण मैत्रिणीचं गाव फ्रोंटन, तेरा वाड्या मिळून एक गाव. हे ऐकून मला एकदम घरच्यासारखं वाटलं. आपला सह्याद्री माथ्यावर सपाट, कातळाच्या पट्ट्यांचा. तिथले डोंगर करड्या चुनखडीचे, सुळक्यांचे, आणि त्यांच्या पायाशी इतकं हिरवं गवत की आपल्याकडचा श्रावण आठवावा. वाटेत भेटेल तो माणूस ओळख नसली तरी नमस्कार घालतो. त्यांचा शब्द आहे ‘ग्र्यूस गॉट’. त्यात देवाचं नाव आहे, आपल्या रामरामसारखंच. आणि शिक्षिकाबाईंनी एक मजेदार रीत सांगितली. त्यांच्या भाषेतही ‘तू’ आणि ‘तुम्ही’ वेगळे आहेत. खाली गावात अनोळखी माणसाला ‘तुम्ही’ म्हणायचं, पण डोंगरात हजार मीटरच्या वर गेलं की सगळे एकमेकांना ‘तू’ म्हणतात. चढणीवर कोण साहेब आणि कोण गडी!

डोंगरवाटांवर पिवळ्या पाट्या असतात. त्यांवर बहुधा किलोमीटर नसतात, किती तास लागतील ते लिहिलेलं असतं. वाट सोपी, मधली की अवघड, ते निळ्या, लाल आणि काळ्या रंगावरून कळतं. फ्रोंटनच्या ब्राइटेनबर्ग डोंगरावर १,८३८ मीटर उंचीवर एक विश्रांतीचं घर आहे. तिथे चहा आणि जेवण मिळतं. पण अशा डोंगरातल्या घरांचा नियम असा की आपला कचरा आपण खाली न्यायचा. पद्मावती माचीवर दर सोमवारी पोतीच्या पोती बाटल्या गोळा करणाऱ्या आपल्या बायका मला तिथे आठवल्या.

आता त्या प्रसिद्ध वाड्याकडे येते. त्याचं नाव नॉयश्वानस्टाईन. तोंडात बसायला मला दोन दिवस लागले. लुडविग दुसरा नावाच्या राजाने १८६९ साली त्याची पायाभरणी केली. लहान मुलांच्या सिनेमात पांढरा, उंच टोकदार मनोऱ्यांचा राजवाडा दिसतो ना, तो यावरूनच घेतलाय. फोटो तुम्ही कुठे ना कुठे पाहिलेला असणारच. लोकांना वाटतं जुना किल्ला आहे. तसं काहीच नाही. तिथे कधी लढाई झाली नाही, तोफ उडाली नाही. आपला राजगड पाव शतक राजधानी होता, तिथून राज्य चाललं. हा वाडा बांधला तेव्हा आपल्याकडे आगगाडी धावत होती. आतून तर तो त्या काळाच्या मानाने एकदम नवा. प्रत्येक मजल्यावर पाणी, घर उबदार ठेवायची गरम हवेची सोय, आपोआप पाणी सुटणारे संडास, नोकरांना बोलवायला विजेची घंटा. बाहेरून पुरातन, आतून आधुनिक. सिंहासनाची खोली बघून डोळे दिपतात, फक्त सिंहासन नाही. ते बसवायच्या आत राजाच गेला.

आणि पैसा? त्याने सरकारी तिजोरीतून घेतला नाही. स्वतःच्या पैशातून आणि कर्जातून बांधलं. एक वाडा पुरा झाला नाही तोवर दुसरा काढला, मग तिसरा. १८८५ पर्यंत कर्ज जवळपास १ कोटी ४० लाख मार्कांवर गेलं आणि परदेशी बँका जप्तीची भाषा करू लागल्या. जून १८८६ मध्ये त्याच्याच मंत्र्यांनी त्याला वेडा ठरवून गादीवरून काढलं, आणि तीनच दिवसांत तो तळ्यात मेलेला सापडला. कसा, ते आजवर कुणाला कळलं नाही. ज्या वाड्यासाठी एवढं केलं, त्यात तो सगळे मिळून १७२ दिवस राहिला. माझं मत विचाराल तर हा राजा आपल्या गटात असता तर त्याला दुसरं कर्ज मिळालंच नसतं. आपण आधी विचारतो, हप्ता कुठून फेडणार?

पण त्याच्या नावावर एक चांगली गोष्टही आहे, आणि ती मला वाड्यापेक्षा जास्त आवडली. वाडा बांधणाऱ्या गवंडी-सुतारांनी १८७० साली एक मंडळ काढलं. दर महिन्याला प्रत्येकाने थोडी वर्गणी भरायची आणि राजाने त्यात भर घालायची. कामावर कुणी आजारी पडला, जखमी झाला तर त्या पैशातून मजुरी चालू राहायची. आणि मेला तर घरच्यांना थोडंसं निवृत्तिवेतन. तीस माणसं त्या बांधकामात गेली म्हणून नोंद आहे. मागे त्यांच्या बायकांच्या हातात काही ना काही आलं. दीडशे वर्षांपूर्वीचा आपला बचत गटच की तो! वाडा दाखवणाऱ्याने यातलं एक अक्षर सांगितलं नाही. शिक्षिकाबाईंनी बाहेर आल्यावर सांगितलं. माहितीतली माणसं सोबत असली की हा फायदा होतो.

राजा गेल्यावर दोन महिन्यांच्या आतच वाडा तिकीट लावून लोकांना उघडला. आज वर्षाला दहा लाखांच्या वर लोक येतात. ठरलेल्या वेळेचंच तिकीट, ते वीसेक युरोचं, म्हणजे आपले दोन हजार. अर्ध्या तासात आतून फिरवून बाहेर काढतात, फोटो काढू देत नाहीत. खाली गावात बसच्या रांगा. मी शेतकरीण मैत्रिणीला विचारलं, ‘एवढी जत्रा दारात, तुम्हाला चांगला धंदा होत असेल?’ ती हसली. म्हणाली, ‘यातले बरेच जण सकाळी येतात आणि संध्याकाळी दुसऱ्या शहरात असतात. आम्हाला त्यांचा धूर तेवढा मिळतो.’

हे वाक्य मी वहीत लिहून आणलंय.

तिच्या घरी तीन खोल्या पाहुण्यांच्या आहेत, गोठा, चौदा गाई आणि सत्तरी ओलांडलेली तिची आई. तिला मी आजीच म्हणत होते आणि तिला ते फार आवडलं. तिथल्या पुष्कळ शेतकऱ्यांच्या घरी अशी सोय असते. शहरातली कुटुंबं लेकरांना घेऊन चार दिवस, आठ दिवस राहतात. मुलं वासरांना चारा घालतात, अंडी गोळा करतात. सकाळचा नाश्ता घरचा. आजीने साठ वर्षांपूर्वी कशी सुरुवात केली ते मी बसून विचारून घेतलं, शिक्षिकाबाई मध्ये दुभाष्या. आजी म्हणाली, नवीन काही बांधलं नाही. उन्हाळ्यात आम्ही नवराबायको माळ्यावर झोपायचो आणि आमची खोली पाहुण्यांना द्यायचो. पाच उन्हाळे असं केलं, तेव्हा न्हाणीघर बांधायचे पैसे झाले. खोली त्याच्यानंतर. मी विचारलं, पैसे कुणाकडे? आजीने एप्रनच्या खिशावर हात मारला. दुधाचे पैसे घरधन्याच्या खात्यात जायचे, पाहुण्यांचे माझ्याकडे. त्यातून मुलीची शाळा झाली.

कामाचं मात्र तिने गोड करून सांगितलं नाही. चादरी धुणं, संडास घासणं, पहाटे गोठा आणि सातला पाहुण्यांचा नाश्ता. ‘पाहुणा सुट्टीवर असतो, बाई नसते,’ असं ती म्हणाली. लेक आता आठवड्यातला एक दिवस खोल्या रिकाम्या ठेवते, कुणी कितीही पैसे देवो. आणि एक सोय मला फार पटली. अशा गावांत मुक्कामाला येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याकडून रात्रीमागे थोडा कर गाव घेतं. त्याबदल्यात पाहुण्याला कार्ड मिळतं आणि त्या कार्डावर स्थानिक बस फुकट. मुक्काम करणाऱ्याला सवलत, रस्त्यावर गाड्याही कमी.

खरे किल्ले मी पाहिले ते दुसरेच. फ्रोंटनजवळ दोन टेकड्यांवर समोरासमोर आयझेनबर्ग आणि होहेनफ्रायबर्ग असे दोन पडके गड आहेत. तिथे तिकीट नाही, रांग नाही. पायथ्यापासून रानातून चढायला अर्धा-पाऊण तास. वर नुसत्या भिंती, खिडक्यांच्या जागी भोकं आणि पलीकडे अख्खा आल्प्स. हे गड शत्रूने पाडले नाहीत. १६४६ साली तीस वर्षांच्या युद्धाच्या शेवटी शत्रूचं सैन्य येतंय म्हणून ज्यांच्या ताब्यात होते त्यांनीच जाळले, शत्रूच्या हाती पडू नयेत म्हणून. आणि सैन्य आलंच नाही, दुसऱ्याच वाटेने गेलं! तिथे उभी राहून मी मैत्रिणींना सांगितलं, साधारण त्याच सुमारास आमच्याकडे एका सोळा-सतरा वर्षांच्या मुलाने तोरणा घेतला आणि शेजारच्या डोंगरावर राजगड बांधायला काढला. तुम्ही गड जाळत होता तेव्हा आमचा गड चढत होता. दोघींनी टाळ्या वाजवल्या. शिक्षिकाबाईंनी ते शाळेत मुलांना सांगणार म्हणून लिहून घेतलं.

आयझेनबर्गच्या भिंती आज उभ्या आहेत त्या गावकऱ्यांच्या मंडळामुळे. १९८० च्या दशकात त्यांनी झाडंझुडपं काढली, ढासळते दगड पक्के केले. नवीन मनोरा नाही, सिमेंटचा रंगीत दरवाजा नाही. जेवढं आहे तेवढं पडू द्यायचं नाही. मातीत सापडलेली मडकी, चुलीच्या फरशा, अवजारं पायथ्याच्या वाडीत छोट्या संग्रहालयात ठेवलीत. गडाच्या जरा खाली एक खानावळ आहे. तिथे ‘केसश्पात्सन’ खाल्लं. मैद्याच्या ओल्या पिठाचे लहान गोळे उकळून त्यात भरपूर चीज आणि वरून तळलेला कांदा. आपल्या वरणफळांची लांबची बहीण, फक्त तिखट नाही. मी पिशवीतली लसणाची चटणी काढली आणि शेजारच्या टेबलापर्यंत गेली ती.

चीजवरून आठवलं. आल्गॉय पूर्वी गवताचा मुलूख नव्हताच. तिथे जवस पिकायचं. त्याच्या निळ्या फुलांवरून ‘निळा आल्गॉय’ म्हणायचे. बायका घरोघर त्याचं सूत काढायच्या. मग गिरणीचं स्वस्त सुती कापड आलं आणि धंदा बसला. १८२७ च्या सुमारास स्वित्झर्लंडहून चीज करणारे कारागीर आणले, जवसाच्या शेतांची कुरणं झाली, आणि निळा मुलूख हिरवा झाला. एक किलो चीजला दहा-बारा लिटर दूध लागतं. दूध टिकत नाही, बाजार लांब, पण चीज महिनोन्महिने टिकतं. ज्यांनी ते वेळेवर ओळखलं, ते तरले. आपल्याकडे खरवस गडावर विकतो तो दोन तासांत संपवावा लागतो, नाहीतर फेकून द्यावा लागतो. यावर विचार करायला हवा, पण तो विषय पुढच्या वेळी.

मी गेले ते दिवस गुरं डोंगरावरून उतरायचे होते. जूनमध्ये गावोगावची तरणी जनावरं वर कुरणांत पाठवतात, शंभरेक दिवस. मालक अनेक, गुराखी एक. सप्टेंबरात सगळा कळप वाजतगाजत खाली येतो आणि ज्याचं जनावर तो ओळखून घेऊन जातो. गळ्यात कळशीएवढ्या घंटा, सगळा रस्ता दणाणतो. सगळ्यात पुढे एक गाय, तिच्या डोक्यावर फुलांचा, आरशांचा मोठा मुकुट. आपला बेंदूरच म्हणा! पण त्या मुकुटाला अट आहे. उन्हाळ्यात वर एकही जनावर दगावलं नसेल तरच तो चढवायचा. त्या दिवशी आलेल्या एका कळपात मुकुट नव्हता. घंटा होत्या, गर्दी होती, पण मुकुट नाही. कुणी काही विचारलं नाही. आजीने नुसता माझा हात दाबला.

शेवटचे दोन दिवस शेजारच्या ऑस्ट्रियात गेलो, रॉयटे गावाला. तिथे एहरेनबर्ग नावाचा पडका गड आहे, आणि त्याच्यापासून समोरच्या टेकडीपर्यंत ४०६ मीटर लांबीचा झुलता पूल, खाली ११४ मीटर खोल रस्ता. २०१४ साली केलाय. मी चालले, पण खाली बघितलं नाही. मैत्रीण मात्र मध्येच थांबून डबा खात होती.

त्या गावात एका बँकेची पिवळी पाटी दिसली. त्यावर घोड्यांची दोन डोकी फुलीसारखी. शिक्षिकाबाईंनी सांगितलं, ही रायफायझेनची बँक. मैत्रिणींनो, हे नाव लक्षात ठेवा. फ्रीडरिश विल्हेल्म रायफायझेन हा जर्मनीतल्या एका खेड्याचा प्रमुख होता. १८४६-४७ च्या उपासमारीत त्याने वर्गणी काढून गरिबांना उधारीवर भाकरी दिली. पुढे १८६४ मध्ये गावकऱ्यांची पतपेढी काढली. तारण नाही, पण सगळे एकमेकांना जामीन. एकाच गावातले सभासद, म्हणजे कोण खरं कोण खोटं ते सगळ्यांना ठाऊक. सावकाराकडे जायचं नाही. तीच कल्पना इंग्रज अधिकाऱ्यांनी अभ्यासली आणि १९०४ साली आपल्याकडे सहकारी पतसंस्थांचा कायदा आला. आपण दर महिन्याला सतरंजीवर बसून जे करतो त्याचं एक मूळ तिकडे आहे. पाटीखाली माझा फोटो काढलाय, बैठकीत दाखवीन.

आता एक कडू गोष्ट. फ्रोंटनमध्ये संध्याकाळी फिरताना कितीतरी घरं अंधारात. मैत्रीण म्हणाली, ही शहरातल्या पैसेवाल्यांनी सुट्टीसाठी घेतलीत, वर्षातून तीन आठवडे उघडतात. त्यामुळे भाव इतके चढले की तिच्या मुलाला स्वतःच्या गावात घर घेता येत नाही. ‘खोल्या भाड्याने द्या, पण जमीन विकू नका, एकदा गेली की आमच्या हातात फक्त चादरी धुणं राहतं.’ हे तिने मला तीनदा सांगितलं. गडाखालच्या रस्त्याला गेल्या सहा महिन्यांत किती पाट्या लागल्यात, तुम्ही रोज बघताय.

तर येत्या गुरुवारी दुपारी तीनला ग्रामसंघाची बैठक आहे. खोल्यांच्या कर्जाचा विषय तिथे घेऊ. ज्या चौदा जणींनी विचारलंय त्यांनी तीन गोष्टी लिहून आणा. गेल्या वर्षात तुमच्या घरी किती पाहुणे जेवले आणि त्यातले किती रात्री राहिले, हे पहिलं. घरात आत्ता रिकामी करता येईल अशी जागा आहे का, आणि पाहुण्याला वापरता येईल असा स्वच्छ संडास-न्हाणी आहे का, हे दुसरं. तिसरं, पाहुण्यांचे पैसे कुणाच्या खात्यावर जमा होणार. माझं मत आजच सांगून टाकते. पहिलं कर्ज न्हाणी-संडासाला द्यावं, खोलीला नंतर. आणि सात-बाऱ्यावर किंवा घराच्या उताऱ्यावर बाईचं नाव लागल्याशिवाय मोठ्या कर्जाला मी सही करणार नाही. ज्यांना हे पटत नाही त्यांनी गुरुवारी येऊन भांडावं. विटा आणलेल्या दोघींनी तर नक्की यावं, विटा काही कुजत नाहीत.